काउंटरमागचा मतदार कोणाचा?

किरकोळ व्यापारातील थेट परकी गुंतवणुकीच्या प्रश्नावर तृणमूल काँग्रेसने सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. त्या वेळी कैवार घेतला गेला तो छोट्या दुकानदाराचा, फेरीवाल्याचा आणि शेतकऱ्याचा. त्याआधी 2007 मध्ये डाव्या आघाडीतल्याच फॉरवर्ड ब्लॉकने रिलायन्सच्या दुकानांना विरोध केला होता, तोही याच मंडळींच्या नावाने. साखळी दुकानात दिवसभर उभा राहणारा नोकरदार दोन्ही लढायांच्या केंद्रस्थानी नव्हता.

वस्तुतः या धंद्याचा पाळणा कोलकात्यातच हलला. पॅंटालून्सचे पहिले मोठे दालन 1997 मध्ये गरियाहाटला उघडले आणि 2001 मध्ये बिग बाजारच्या पहिल्या दुकानांतही हे शहर होते. गोदी, ताग गिरण्या आणि बँकांत ज्यांचा दरारा होता, त्या संघटनांना मॉलच्या दारात मात्र तसा शिरकाव करता आला नाही. कारण उघड आहे. दुकान एकाचे, पगारपत्रक कंत्राटदाराचे आणि शाम्पूच्या फळीपाशी उभी असलेली मुलगी तर शाम्पूच्या कंपनीची! मागणीपत्र द्यायचे कोणाला?

कायदा नाही असे नाही. पश्चिम बंगालच्या 1963 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला साडेआठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. महागाई निर्देशांकानुसार किमान वेतन राज्य सरकार दर सहा महिन्यांनी सुधारते. पण पूजेच्या आधीच्या आठवड्यांत रात्री शटर खाली आल्यावर हिशेब आणि मांडणीत जाणारा वेळ हजेरीपटावर चढतो का, हे तपासायचे निरीक्षकाने. आणि तो किती दुकानांत पोहोचतो, हे अधिकारीवर्गाला सांगायला नको.

नोकरी किती ठिसूळ आहे हे फ्यूचर रिटेलने दाखवले. फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सने तिची दुकाने ताब्यात घेण्यास सुरुवात केली; जुलैत कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि 2024 मध्ये अवसायनाचा आदेश झाला. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत 'कामगारा'चे 24 महिन्यांचे येणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते. इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचेच, आणि तेही त्यांच्यानंतर. विक्री करणारा या दोहोंपैकी कोण? औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी 'कामगार' नव्हेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दिला होता. काउंटरवरच्या मुलाने आपली रांग कोणती समजावी?

दक्षिणेत निदान बसण्याचा हक्क मिळाला. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानदारांवर आसनाची सक्ती केली. केरळात तर कापड दुकानांतल्या स्त्रियांनी त्यासाठी आंदोलन केले होते. बंगालची लढाई दिल्लीशी. केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आल्या, तोवर पश्चिम बंगालने त्यांचे नियम केलेले नव्हते. संहिता मालकधार्जिण्या आहेत, हा तृणमूलचा आक्षेप एकवेळ मान्य करता येईल. मात्र 1963 च्या कायद्याची अंमलबजावणी करण्यापासून राज्याला दिल्लीने कधी अडवलेले नाही.