चंद्र एक, पंचांगं दोन

गणपतीच्या तोंडावर शांतता समितीची बैठक भरते आणि कुणीतरी उठून हमखास म्हणतं, "शेवटी सगळे धर्म सारखंच सांगतात." टाळ्या पडतात, चहा येतो. वाक्य चांगल्या मनाने बोललेलं असतं, म्हणून त्याला विरोध करणं जड जातं. तरीही मला ते पटत नाही. त्याच्या भरवशावर गाव शांत राहील असं तर मुळीच वाटत नाही.

सगळे धर्म सारखं सांगत नाहीत. एकाचा देव मातीच्या मूर्तीत येऊन दहा दिवस घरी राहतो. दुसऱ्याला देवाची मूर्ती ही गोष्टच मान्य नाही. या फरकासाठी माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. तो पुसायला निघालं की श्रद्धाळू माणूस मनातून दुरावतो, कारण त्याला जे सर्वांत मोलाचं, तेच आपण किरकोळ ठरवलेलं असतं.

2023 साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. पुढची दोन वर्षंही त्यांच्यात एकेका दिवसाचंच अंतर होतं. यामागे गणित आहे. दोन्ही सण चंद्रावर चालतात. पण आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना धरून चंद्राला ऋतूंशी जुळवून घेतो, आणि हिजरी पंचांगात अधिक महिन्याला मनाईच आहे. 2023चा अधिक श्रावण सरला तसे भाद्रपद आणि रबिउलअव्वल जोडीने चालू लागले. 2026च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडी फुटते. चंद्र एकच, गणितं दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी चोख. यातलं कुठलं बदलून सारखं करायचं?

मुंबईत त्या तिन्ही वर्षी ईदचा जुलूस पुढे नेला गेला: 29 सप्टेंबरला, मग 18ला, मग 8ला. ज्यांनी तो पुढे नेला त्यांनी काही गणपती मानायला सुरुवात केली नव्हती. विसर्जनाच्या गर्दीत दोन मिरवणुका समोरासमोर आल्या तर काय होईल, हे त्यांनी ओळखलं आणि वेळेवर बसून ठरवलं. माझा विश्वास आहे तो या ठरवण्यावर.

भिवंडीने हे फार महाग शिकलं. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, 1984मध्ये पुन्हा. त्यानंतर 1988मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. धर्म एक आहेत की वेगळे, हा तिथला विषयच नव्हता. एकमेकांची तोंडओळख झाली, कुणाच्या मनात काय खदखदतंय ते वेळीच कानावर येऊ लागलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा तिच्या इतक्या जवळचं भिवंडी शांत राहिलं. नुसता बंदोबस्त वाढवा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता राहिला सर्वांत कडवट आक्षेप: "दर वेळी आम्हीच का नमतं घ्यायचं?" तो दोन्हीकडून ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. सवलत एकाच बाजूने मिळत राहिली तर तिची सक्ती होते. जुलूस तीन वर्षं पुढे गेला, त्याची परतफेड आपल्याकडे बाकी आहे, असं मी माझ्या मंडळवाल्या मित्रांना स्पष्ट सांगतो. वाटेत मशीद लागली आणि आत नमाज चालू असली, तर टिपरू खाली ठेवायला पाच-दहा मिनिटं पुरतात. ती पथकाच्या म्होरक्याने आपणहून द्यावीत, हवालदाराने हात वर करायच्या आधी.