चांद्याच्या कोठ्यातला नाताळ

१/ डिसेंबर लागला की नाताळचे तयार देखावे बाजारात मांडले जातात : प्लास्टिकचा गोठा, गोऱ्या कांतीच्या मूर्ती, सूचिपर्णी झाडाची कृत्रिम फांदी आणि वर पसरायला बर्फ. हा बर्फ बहुधा कापसाचा असतो. वरोऱ्याच्या रानातला कापूस युरोपच्या हिमाचे सोंग घेऊन घरात परत येतो, ही गंमत बाजूला ठेवू. माझे म्हणणे एवढेच की चंद्रपूर-गडचिरोलीतील मुलांनी हा देखावा घरच्या वस्तूंनीच मांडावा. देखाव्याचा इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे.

२/ आरंभ मूळ कथेपासून. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे. बैल आणि गाढव तेथे नाहीत. ते यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून आले. बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते, असा त्या वचनाचा आशय. तरीही मिलानच्या सांत अंब्रोजिओ चर्चमधील चौथ्या शतकाच्या अखेरच्या दगडी शवपेटिकेवर बाळ आणि ही दोन जनावरे एवढेच कोरलेले आहे. मरिया नाही, योसेफही नाही.

३/ नंतर १२२३ सालचा नाताळ, स्थळ इटलीतील ग्रेच्चो हे डोंगरी गाव. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी सुमारे पंधरा दिवस आधी जोव्हानी नावाच्या स्थानिक सरदाराला निरोप दिला : गव्हाण मांडा, वाळलेले गवत आणा, बैल आणि गाढव उभे करा. त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी काही वर्षांतच हे लिहून ठेवले. मूर्ती बनवल्याचा उल्लेख त्यात नाही. गवत गावचे, जनावरे गावची, मशाली घेऊन आलेली माणसेही गावचीच. बाळाला किती गैरसोयीत निजावे लागले ते डोळ्यांनी पाहावे, असा फ्रान्सिसांचा हेतू होता. गरीब गावाला ते दाखवायला बाहेरून काही आणावे लागले नाही.

४/ पुढे नेपल्सच्या कारागिरांनी देखाव्यात मासेविके आणि पाववाले आणले. दक्षिण फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात चर्चची दारे बंद झाली, तेव्हा घरातल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांना महत्त्व आले. मार्सेत या बाहुल्यांची जत्रा १८०३ पासून भरते. त्यांत दळणवाला, मेंढपाळ, कोळीण, सगळे प्रोव्हान्सच्या पोशाखात.

५/ आता चांद्याकडे. येथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकात आले, आणि १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे चांदा मिशन सुरू झाले. त्याचे कॅथेड्रल बल्लारपुरात आहे. त्यामुळे एकीकडे ब्रिटिश नाताळ, दुसरीकडे केरळातले कागदी तारे असा वारसा या भागाकडे आला. मधल्या जागेत झाडीपट्टीचे स्वतःचे काय, हा प्रश्न उरतो.

६/ उत्तर अंगणातच आहे. धानाची कापणी-मळणी होऊन तणसीचे ढीग लागतात ते नेमके याच दिवसांत. गोठ्याला आपल्याकडे कोठा म्हणतात. आणि बैल? तो तर विदर्भातल्या कितीतरी मुलांच्या मालकीचा आहे! तान्ह्या पोळ्याला चाके लावलेला लाकडी नंदीबैल ओढत, घरोघर बोजारा मागत मुले फिरतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा रुजल्याचे सांगतात. भाद्रपदात मिरवलेला तोच बैल पौषाच्या थंडीत माळ्यावर पडून असतो. ख्रिस्ती घरात नसेल तर शेजारच्या मित्राकडे असतोच. तो मागून आणावा.

एका सणाची वस्तू दुसऱ्यात कशी, असे कोणी विचारील. देखाव्यातला बैलच मुळी दुसऱ्या ग्रंथातून आलेला आहे. हा आक्षेप मला तरी टिकण्यासारखा वाटत नाही.

७/ ताऱ्याचीही कथा अशीच. जर्मनीतील नीस्की येथील मोराव्हियन शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या पाठासाठी मुलांकडून कागदी तारे करून घेत. आपल्याकडे बांबूच्या कामट्या पुरेत. पाच सारख्या कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. दोन्हींची टोके सुतळीने बांधायची आणि मध्ये कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी वीतभर काड्या आडव्या खोचायच्या, म्हणजे पोट फुगते. वर पतंगी कागद. आकाशकंदील केलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही. कामटी तासण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे; तिची धार बोट कापते.

८/ या कामटीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो मुलांना हे काम करतानाच सांगावा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होती. त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याचा ताबा होता. इकडे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सरकारी कराराने जंगलातला बांबू मिळत असे. बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क पोहोचतो, हे २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, पण स्वतः बांबू विकण्याचा वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. ताऱ्याची कामटी आणि वहीचा कागद एकाच बेटातून निघू शकतात. ते बेट कोणाचे, हे ठरायला इतकी वर्षे लागली. बुरुडाकडून दोन रुपये जास्त देऊन कामट्या घेण्यात म्हणूनच मला खर्च दिसत नाही.

९/ थर्माकोलच्या गोठ्याविषयी लिहीतही नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

१०/ गाढव तळ्याच्या चिकणमातीचे करता येईल. कान तुटले तरी चालेल. एखादे मूल ताडोबाचा वाघही कोठ्यात ठेवू म्हणेल; ठेवू द्यावा. यशयाच्याच ग्रंथात लांडगा कोकराजवळ राहणार आहे. फक्त ज्या घरचे जनावर वाघाने नेले आहे, त्या घरी तो बैलापासून किती हात दूर उभा करायचा, हे त्या मुलालाच ठरवू द्यावे.