सुटलेली मुले मोजली, घरची मजुरी कोण मोजणार?

‘सन्मानाचे काम’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ साली जगापुढे ठेवली. रोजगार, कामगारांचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगार संवाद हे तिचे चार आधार. यासाठी गरीब देशांत बाहेरून मदत येते. ती कामी आली का, हे कसे ठरवायचे?

आफ्रिकेकडे पाहू. जगातला निम्म्याहून जास्त कोको घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये पिकतो. २००१ साली अमेरिकी खासदारांच्या दबावामुळे चॉकलेट कंपन्यांनी करार केला की, बागांमधली बालमजुरी, निदान तिचे सर्वांत वाईट प्रकार, २००५ पर्यंत संपवू. ती मुदत टळली. मग २०१० मध्ये नवे लक्ष्य आले: २०२० पर्यंत ७० टक्के घट. २०२० साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधन संस्थेचा अहवाल आला, तेव्हा या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामात होती. पैसा आला, कार्यक्रम झाले. पण मजूर लावण्याइतका भाव शेतकऱ्याच्या हातात पडला नाही. मग बागेत घरचीच मुले राबणार.

हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यात या. भारत आणि अमेरिका यांच्या ‘इंडस’ या बालमजुरीविरोधी प्रकल्पात मुंबई उपनगर जिल्हाही होता. दोन्ही देशांनी मिळून ४ कोटी डॉलर दिले, अंमलबजावणीत कामगार संघटनेची मदत होती. ८० हजार मुलांना कामातून सोडवायचे लक्ष्य होते. या प्रकल्पाची एक गोष्ट चांगली होती: मुलांच्या शाळेबरोबर आईवडिलांच्या कमाईचाही विचार त्यात होता.

त्याच काळात, २००५ साली, मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर छापे पडले. अड्ड्यावर सुई चालवणाऱ्या मुलांना बाहेर काढून बिहारला घरी पाठवले. सुटका गरजेचीच होती. पण ज्या गरिबीने मुलाला मुंबईच्या गाडीत बसवले, ती गावी तशीच होती.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे आहे. तक्रार ‘बंद’ झाली अशी नोंद पडते, वापरणाऱ्याची अडचण मात्र तशीच असते. म्हणून मदतीचे मोल ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. वर्षभराने मूल शाळेत आहे का? घरातल्या मोठ्यांची मजुरी वाढली का? मजुरी थकली तर दाद मागायला कामगारांची संघटना आहे का?

हे प्रश्न आपल्याला टाळता येणार नाहीत. मुंबईच्या जरीकामात मालक, ठेकेदार आणि कारागीर बहुतेक आपल्यातलेच. ‘पोरगा हुनर शिकतोय’ असे म्हणून आपण बारा वर्षांच्या मुलाचे बारा तास झाकून टाकतो. भारताने २०१७ साली बालमजुरीविरुद्धचे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार मंजूर केले, पण २०१६ च्या कायद्याने शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायला मुलांना मुभा ठेवली. त्या फटीतून कोणाची मुले आत जातात, हे आपल्या वस्त्यांना कोणी सांगायला नको.

परदेशी मदतीचा हिशेब मागायलाच हवा. पण लग्नाच्या शरारावरची जरी कोणी भरली आणि त्याला नगामागे किती मिळाले, हे दुकानदाराला विचारायला कुठल्याही देशाचा निधी लागत नाही.