एक दिवसाआड गोळी

गेल्या पंधरवड्यात ७४ वर्षांच्या एक आजी रक्तदाब तपासण्यासाठी आल्या. वरचा दाब १८० च्या पुढे होता. गोळ्यांविषयी विचारताच त्या अवघडून म्हणाल्या, "डॉक्टर, एक दिवसाआड घेते. मुलावर किती भार टाकायचा?"

त्यांचे ते वाक्य ऐकून मला वेल्समधील क्रिकिएथ या समुद्रकाठच्या लहानशा गावाची आठवण झाली. तेथे दोन पुळणींच्या मधोमध उंच खडकावर तेराव्या शतकातील किल्ला आहे. वेल्श राजा लिवेलिन याने तो बांधला आणि १२८३ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. १२९४ च्या उठावात वेल्श लोकांनी त्याला वेढा घातला. परंतु समुद्रमार्गे रसद येत राहिली, म्हणून आतली माणसे तगली.

याच परिसरात डेव्हिड लॉइड जॉर्ज वाढले. वडील न्यूमोनियाने गेले, तेव्हा ते दीड वर्षाचेही नव्हते. जोडे शिवणाऱ्या मामाने त्यांना वाढवले. पुढे ते क्रिकिएथला वकिली करू लागले आणि कालांतराने ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा संमत झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत रक्कम टपाल कार्यालयात मिळू लागली. त्यानंतर १९११ च्या विमा कायद्याने कामगाराचे ४, मालकाचे ३ आणि सरकारचे २ पेन्स एकत्र करून आजारपणातील भत्त्याची व डॉक्टरांची सोय केली. म्हातारपण आणि आजारपण यांचा भार एकट्याने वाहायचा नसतो, हे त्या कायद्यांनी मान्य केले.

आजींच्या मुलाला मी बोलावून घेतले. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो बराच वेळ आईचा हात धरून बसला.

वाचकहो, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो. गोळ्या चुकवून वाचवलेले पैसे पक्षाघाताच्या एका झटक्यात कित्येक पटींनी जातात. खर्च झेपत नसेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात बरीच औषधे स्वस्तात मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र त्यात येत नाही.

आणि घरच्यांनो, महिन्यातून एकदा गोळ्यांची पाकिटे सहज पाहत जा. जास्त गोळ्या उरल्या असतील, तर रागावू नका. शेजारी बसून कारण विचारा. वेढ्यातल्या माणसाला रसद हवी असते, पण पुष्कळदा तो ती मागत नाही.