खालचा आकडा कुणाचा?

१९९२ च्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा समभाग सुमारे दोनशे रुपयांवरून नऊ हजारांच्या घरात गेला. कंपनीचा नफा अर्थातच पंचेचाळीस पटींनी वाढला नव्हता. हर्षद मेहतांचा युक्तिवाद असा, की असे कारखाने आज नव्याने उभारायचे तर किती खर्च येईल, यावरून भाव ठरवा. म्हणजे नफ्याचे नावच काढू नका! भल्याभल्यांनी माना डोलावल्या.

किंमत-मिळकत गुणोत्तर, बाजाराच्या भाषेत पी/ई, हा साधा भागाकार आहे. भाव ३०० रुपये आणि समभागामागे वर्षाचा नफा १५ रुपये, तर गुणोत्तर २०. नफा तेवढाच राहिला तर किंमत वसूल व्हायला वीस वर्षे. (हा नफा सगळा लाभांश म्हणून हाती पडत नाही, हे वेगळेच.) वरचा आकडा रोज वर्तमानपत्रात छापून येतो. खरी गोम आहे ती खालच्या आकड्यात.

सिमेंट, पोलाद यांसारख्या धंद्यांत भरभराटीच्या वर्षी नफा फुगतो, गुणोत्तर सहा-सातवर येते आणि समभाग स्वस्त वाटू लागतो. पुढच्या वर्षी नफा निम्म्यावर आला की त्याच भावाला गुणोत्तर दुप्पट! जुन्या गिरणीने जमीन विकली, तर त्या वर्षीचा नफाही असाच डोळे दिपवतो; पण जमीन एकदाच विकता येते.

निर्देशांकाचेही तेच. ३१ मार्च २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचे गुणोत्तर काढताना मूळ कंपनीच्या नफ्यात उपकंपन्यांचा नफाही धरायला सुरुवात केली. एका दिवसात ते सुमारे ४० वरून ३३ वर उतरले. बाजार काही तेवढा कोसळला नव्हता. बदलला तो फक्त हिशेब. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटीएमचा समभाग २,१५० रुपयांना विकला गेला. कंपनी तोट्यात, म्हणजे भागायला खाली आकडाच नव्हता. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव सुमारे २७ टक्क्यांनी घसरला.

तेव्हा दलाल 'फक्त वीसच्या पटीत मिळतोय' म्हणाला, तर नफा सरलेल्या वर्षाचा की येणाऱ्या वर्षाच्या अंदाजाचा, एवढे त्याला विचारावे. आणि नफातोटा पत्रकात 'अपवादात्मक बाबी' अशी एक ओळ असते, तीही वाचावी.