उपविधी बदलताना सगळे सभासद मोजा

मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



स्वामी स्वरूपानंदांचे पावस आपल्याला ठाऊक असेलच. या परिसरात आता फ्लॅटच्या संस्थाही आहेत आणि मे महिना व गणपती सोडले तर त्यांतल्या बऱ्याच घरांना कुलूप असते. घरमालक मुंबई-पुण्याला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतला दुरुस्तीचा नियम अशा संस्थांना घातक आहे, म्हणून हे पत्र.

सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांनी दुरुस्ती मंजूर करायची आणि ती निबंधकांकडे नोंदवायची, असा नियम. गणपूर्ती मात्र एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ती. समजा, ४८ फ्लॅट आहेत. २० जण आले की १४ मतांत उपविधी बदलतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरली की गणपूर्तीची अटच राहत नाही. ९ जण असतील तर ६ मते पुरतात! मुंबईच्या सभासदाला शेजाऱ्याच्या हाती मत पाठवण्याची सोय नाही. कायद्याला तो स्वतः हजर लागतो.

पुनर्विकासाच्या बाबतीत शासनाने हे ओळखले. ४ जुलै २०१९ च्या निर्णयात एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती सांगितली आहे. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात तर घोषणापत्रातला सामायिक जागेतला हिस्सा सर्वांच्या संमतीशिवाय बदलत नाही. मग पार्किंग, भाडेकरू, वर्गणी यांचे कायमचे नियम सहा जणांवर का सोडावेत?

बाराही महिने इथे राहणाऱ्यांची चीड मी जाणतो. पंप बंद पडला की धावतात तेच. अट फार कडक केली तर उपविधींतली गरजेची दुरुस्तीही वर्षानुवर्षे अडेल, हेही खरे. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र करा: दुरुस्तीला एकूण सभासदांच्या ५१ टक्के मतांची अट घाला आणि बाहेरगावच्या सभासदाला दूरदृश्य प्रणालीवरून मत देऊ द्या. कोविडच्या काळात अशा सभांना शासनानेच परवानगी दिली होती.

आदर्श उपविधी बदलायला वेळ लागेल. तोवर, निम्म्याहून कमी सभासदांच्या मतांवर आलेली दुरुस्ती नोंदवण्यापूर्वी गैरहजर सभासदांना टपालाने कळवून १५ दिवसांत त्यांचे म्हणणे मागवावे, एवढे परिपत्रक उपनिबंधकांना पाठवावे.

आपला,
पावस येथील एक सभासद