कोठडीतला माणूस चोर ठरलेला नाही!

गिरणीतल्या माणसाला झडती नवी नाही. पाळी सुटली की गेटवर हात वर करून उभे राहायचे, पहारेकऱ्याने खिसे चाचपायचे, डबा उघडून बघायचा, मग बाहेर. रोज आपल्यावर संशय घेतला जातो आणि रोज आपण निर्दोष सुटतो. पण एखाद्या दिवशी खात्यातले सूत मोजणीला कमी भरते, कोणीतरी कोणाचे तरी नाव घेते, आणि तीच झडती गेटवर न संपता पोलीस ठाण्याच्या कोठडीत जाऊन पोचते. तिथे नुसते हात वर करून भागत नाही.

आमच्या एका सोबत्याचे असेच झाले. गिरणीचे नाव आम्ही लिहीत नाही, ठाण्याचेही नाही. "जरा चौकशीला चल," म्हणून त्याला शनिवारी संध्याकाळी नेले. बायकोला निरोप नाही, हातात कागद नाही, डायरीत नोंद नाही. सोमवारी सकाळी सोडला तेव्हा त्याला पायात चप्पल घालता येत नव्हती, तळपाय इतके सुजले होते. सूत पुढे गोदामातच सापडले. मोजणारा चुकला होता. सोबत्याची माफी कोणी मागितली नाही. खाडे मात्र लागले आणि पगार कापला गेला.

आणि त्या दोन रात्री आम्ही युनियनवाले काय करत होतो? खरे सांगतो. आम्ही टपरीवर चहा पीत बसलो होतो आणि एकमेकांना सांगत होतो, "पोलिसांचे प्रकरण आहे, आपण कशाला मध्ये पडा?" बोनससाठी गेट अडवणारे आम्ही, ठाण्याच्या पायरीला भ्यालो. ती लाज मनात ठेवून आज नागापुरात बसून आम्ही हे लिहीत आहोत.

बंधूंनो, भगिनींनो, आमचा सोबती निदान लंगडत का होईना, घरी आला. सगळेच येत नाहीत.

आमच्या नगर जिल्ह्याचे, आता अहिल्यानगरचे, नाव अशा एका प्रकरणात गोवले गेले आहे. ख्वाजा युनूस हा परभणीचा सत्तावीस वर्षांचा इंजिनियर. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बाँबस्फोट झाला आणि त्या संशयावरून त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. पळाला! त्याच्याबरोबर पकडलेल्या एकाने न्यायालयात सांगितले की युनूसला पट्ट्याने मारताना आणि रक्त ओकताना आपण डोळ्यांनी पाहिले. उच्च न्यायालयाने तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिला, आणि अपघाताची ती गोष्ट रचलेली होती, तो कोठडीतच मेला, असे त्या तपासात निघाले. देह आजवर सापडला नाही. ज्या स्फोटासाठी त्याला धरले, त्या खटल्यातले उरलेले आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. चार पोलिसांवर खटला भरला, पण वीस वर्षे उलटून गेली तरी त्याचा निकाल लागला नव्हता. परभणीची त्याची म्हातारी आई तारखांमागून तारखा बघत राहिली.

पुढे सांगली. नोव्हेंबर २०१७. लुटमारीच्या संशयावरून पकडलेला अनिकेत कोथळे हा सव्वीस वर्षांचा तरुण. तिथेही पोलिसांनी आधी हेच सांगितले, आरोपी पळाला. तपासात उघड झाले की तो मारहाणीत मेला आणि त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला. पोलिसांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला.

आणि पुन्हा परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक खवळले, धरपकड झाली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, वकिलीचे शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. सरकारने सभागृहात सांगितले, मारहाण झालीच नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिले की अंगावरच्या अनेक जखमांच्या धक्क्याने मृत्यू. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ठपका पोलिसांवर आला. तरी गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवा असा हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात तिथूनही हात हलवत परत आले.

तीन मेलेले. एक मुसलमान, एक लुटीचा संशयित, एक वडार. तिघांनाही शिक्षा देणारे न्यायालय कुठेच नव्हते. शिक्षा मात्र झाली, आणि ती फाशीची झाली.

आता कोणी म्हणेल, "चोराला दोन फटके मारले तर बिघडले कुठे? मारल्याशिवाय चोर कबूल होतो का?" असे म्हणणारे आपल्या खात्यातही आहेत. त्यांना आमचा सवाल आहे: चोर आहे हे ठरवले कोणी? फौजदाराने? मग न्यायाधीश कशाला पगार खातो? आणि मारून मिळालेली कबुली किती किमतीची? तळपायावर काठी बसायला लागली की माणूस न केलेला खूनही कबूल करतो. मग खरा चोर मोकळा हिंडतो आणि पुढच्या रात्री तुमच्याच चाळीत शिरतो. हे इंग्रजालाही कळत होते. त्याने १८७२ सालीच पुराव्याच्या कायद्यात लिहून ठेवले की पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही ते कलम कायम आहे. कबुलीसाठी मारणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, जबर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कोठडीत काठी उचलणारा हात कायदा राखत नसतो, कायदा मोडत असतो.

आमचे भांडण खाकी कपड्याशी नाही. तो हवालदार आपल्याच शेतकऱ्या-कामकऱ्याच्या घरचा आहे. त्याला बारा-बारा तास उभे राहावे लागते आणि वरून "उद्यापर्यंत चोर आण" असा हुकूम येतो. पण मुकादमाने सांगितले म्हणून आपण सोबत्याच्या अंगावर माग लोटतो का? हुकूम वरून आला म्हणून हाताचे पाप धुऊन निघत नाही.

आमच्या नागापूरपासून जवळच नगरचा भुईकोट किल्ला आहे. १९४२ साली नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल यांना इंग्रजाने खटल्यावाचून या किल्ल्यात डांबले होते. विनाखटला कोंडणे म्हणजे काय, ते त्या पिढीने अंगावर भोगले होते. म्हणून स्वतंत्र भारताची घटना लिहिताना बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीपुढे एक कलम मांडले, तेच आजचे बावीसावे. पकडले तर कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करा. एवढे साधे. चोवीस तास म्हणजे आपल्या तीन पाळ्या. आमच्या सोबत्याला शनिवार ते सोमवार ठेवला, म्हणजे घटनाच कोठडीत घातली.

पुढचे हक्क दिल्लीने आपणहून दिलेले नाहीत. ते साध्या माणसांच्या पत्रांनी मिळवले आहेत. मुंबईच्या तुरुंगात पत्रकार शीला बर्से पंधरा बायकांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८३ साली निकाल आला: बायकांची कोठडी वेगळी, पहारा बायकांचा. ओरिसात नीलाबती बेहेरा या आईचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळांवर मेलेला सापडला. तिनेही पत्र लिहिले. १९९३ साली न्यायालयाने सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. बंगालच्या डी. के. बसूंनी १९८६ साली पत्र लिहिले, त्यातून डिसेंबर १९९६ चा निकाल निघाला. तेव्हापासून अटकेचे नियम ठाण्याच्या भिंतीवर लावणे बंधनकारक झाले. भिंतीवरचा तो फलक किती जणांनी वाचला आहे? म्हणून त्यातले मुख्य नियम आणि नंतरचे कायदे इथे देतो. हे पान कापून खिशात ठेवा.

१. पकडणाऱ्या पोलिसाच्या छातीवर त्याचे नाव आणि हुद्दा वाचता येईल असा हवा.

२. अटकेचा कागद जागेवर झाला पाहिजे. त्यावर तारीख, वेळ, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि पकडलेल्याची सही. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.

३. कुठे नेले, हे घरच्याला किंवा मित्राला कळवणे पोलिसावर बंधनकारक आहे. कोणाला कळवले, याची नोंद डायरीत हवी.

४. मागितल्यास अंगावरच्या जखमांची नोंद अटकेच्या वेळीच करून घेता येते. कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी.

५. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, सगळा वेळ नसले तरी. पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

६. बाईला सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटक नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी, दोन्ही हवे.

७. न्यायाधीशापुढे नेल्यावर तो विचारो वा न विचारो, मार बसला असेल तर तिथेच, मोठ्याने सांगा. "बाहेर गेल्यावर बघून घेऊ," ही धमकी दिली असेल तर तीही सांगा.

आता भाषेचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले की अटकेची कारणे लेखी द्यायची, आणि ती पकडलेल्याला समजणाऱ्या भाषेत. न्यायाधीशापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत, नाहीतर अटकच बेकायदा. मराठी राज्यासाठी गिरणगावाने रक्त सांडले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेलल्या, हजारो माणसे तुरुंगात गेली. ते कशासाठी? साहेबाने आपल्याला मराठीत शिव्या द्याव्यात म्हणून? राज्य मराठीत चालावे म्हणजे गरिबाला आपल्यावरचा आरोप वाचता यावा, समजावा, त्याला उत्तर देता यावे. आणि जे आपल्यासाठी मागितले ते दुसऱ्याला नाकारायचे नाही. नागापूरच्या कारखान्यांत बिहारचा, ओरिसाचा भाऊ आपल्या शेजारी राबतो. त्याला पकडले तर त्याचा कागद हिंदीत, उडियात मिळाला पाहिजे. तो मिळवून द्यायला मराठी कामगाराने पुढे व्हावे. आईच्या भाषेची किंमत आपल्याइतकी कोणाला कळली आहे?

सरकारकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने जपा, हे न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले आहे. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल पुन्हा न्यायालयालाच घ्यावी लागली. माणूस मरतो त्याच रात्री कॅमेरा कसा बिघडतो, याचे उत्तर द्या. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही केलेला नाही. तो करा. आणि कोठडीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला दिल्लीपर्यंत चालायला लावू नका.

पण सरकारच्या आधी आम्ही स्वतःकडे मागतो. मागावर धागा तुटला तर आपण पाळी संपायची वाट बघत नाही. तिथल्या तिथे सांधतो, नाहीतर सगळे कापड बिघडते. सोबत्याला पोलिसांनी नेले ही बातमी म्हणजे तुटलेला धागा आहे. त्याच घटकेला चार जणांनी ठाण्यावर जायचे. आरडाओरडा नाही, दगड नाही. ठाणे अंमलदाराला नम्रपणे विचारायचे: आमच्या माणसाला कोणत्या गुन्ह्यात आणले? डायरीत नोंद किती वाजता झाली? अटकेचा कागद दाखवा. उत्तर मिळाले नाही तर ठाण्याच्या दारातून १५१०० ला फोन, पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, अर्जाची पोच. एक जण घरी, पोराबाळांजवळ. बाकीचे ठाण्याबाहेर, उजाडेपर्यंत. बाहेर माणसे बसलेली आहेत हे कळले की आतली काठी जपून उचलली जाते.

या पानापुरती नव्हे, कायमची ही शपथ आम्ही आमच्या सोबत्यासमोर घेतली आहे. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "त्या रात्री बाहेर कोणाचा तरी खोकला जरी ऐकू आला असता ना, तरी धीर आला असता."

यापुढे तो खोकला ऐकू येईल.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!